पंखावरची लांबी (फिलर): किती भरायची, किती घासायची, कुठे थांबायचं?

काचकापड

नमस्कार मंडळी,

घरी दोन आसनी विमान बांधतोय. रुटान यांच्या लाँग-ईझी या विमानाच्या घराण्यातलं, पुढे कनार्ड (नाकाजवळचा छोटा पंख) आणि मागे इंजिन. साचे नाहीत. गरम तारेनं फोम कापायचा आणि त्यावर काचकापड-एपॉक्सीचे थर चढवायचे, तीच जुनी पद्धत. दोन्ही पंखांचं ले-अप (कापड-राळेचे थर चढवणं) संपलंय, आता फक्त भरणं आणि घासणं राहिलंय. या 'फक्त'वर हे काम केलेले सगळे लोक हसतात, म्हणून इथे विचारतोय.

परिस्थिती अशी आहे. बऱ्याच भागावर पील प्लाय (ओल्या थरावर घालून नंतर सोलून काढायचं कापड) नव्हता, त्यामुळे कापडाची वीण बोटाला लागते. स्पार कॅपवर (पंखातल्या मुख्य तुळईच्या पट्टीवर) थर जास्त आहेत, तिथे स्पॅनभर (पंखाच्या मुळापासून टोकापर्यंत) लांबट उंचवटा आलाय आणि त्याच्या मागे पट्टी धरली की खालून उजेड दिसतो. कापडाच्या जोडांवर पायऱ्या आहेत. लीडिंग एजवरून (पंखाच्या पुढच्या कडेवरून) हात फिरवला तर गोलाई एकसारखी वाटते, पण हाताचं काय खरं!

मायक्रो (राळेत कालवलेले सूक्ष्म पोकळ काचगोळे, म्हणजे मायक्रोबलून) लावायचा आणि त्यातला बराचसा घासून टाकायचा, एवढं कळतं. पण किती जाड लावायचा? एकदाच की थरांवर थर? घासायची फळी किती लांब हवी? आणि 'झालं, आता पुरे' हे कशावरून ठरवायचं? गाडीच्या पेंटिंगचे व्हिडिओ बघितले, त्यानं डोकं आणखीच फिरलं.

---

उगीचच

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर: घरचे बोलणं बंद करतात तेव्हा.

(जाणकारांच्या प्रतीक्षेत. वाचनखूण साठवली आहे.)

---

रंधा

मी सुतारकामातून इकडे आलोय. हाताखालून बरेच पंख गेले आहेत, त्यामुळे थोडं लांबण लावतो.

आधी एक सांगा, ले-अप कुणाला दाखवलंत का? नसेल तर अजून काहीही लावू नका. आत्ता काच पारदर्शक आहे. आतला फोम दिसतो, राळ (एपॉक्सी) कमी पडलेल्या जागा दिसतात, अडकलेल्या हवेचे पांढुरके डाग दिसतात. मायक्रो चढला की यातलं काहीही दिसणार नाही. तिरप्या उजेडात इंचन् इंच बघा, नाण्यानं टकटक करत जा आणि आवाज कुठे पोकळ येतो ते ऐका, फोटो काढून ठेवा. तुमच्याकडे जो कोणी तपासणी करत असेल त्याला याच टप्प्यावर बोलवा.

दुसरं, काच घासायची नाही. रुटानच्या पद्धतीत वापरतात त्या एकदिश कापडाचा एक थर राळेसकट साधारण ०.२३ मिमी भरतो आणि दोन्ही दिशांच्या विणीचा ०.३३ मिमी. ३६ किंवा ४० नंबरच्या सँडपेपरला एवढं खायला फार वेळ लागत नाही. ज्या भागात दोनच थर आहेत तिथला एक गेला तर उरलं काय? पंखाची ताकद कातडीत आहे, फोम फक्त आकार धरून ठेवतो. घासताना मायक्रोची पूड खडूसारखी पांढरी पडत असते. तिच्यात चमक दिसली किंवा पृष्ठभागावर विणीचे ठिपके उमटायला लागले की तिथून फळी उचला. तो भाग उंच आहे, आता बाजूचा भाग वर आणायचा. उंचवटा छाटून सपाटी मिळवायची नसते, आजूबाजूला भर घालून मिळवायची असते. सुताराला हे पटायला वेळ लागतो, कारण रंधा शिकवतो ते बरोबर उलटं.

आता मिश्रण. घनफळानं राळ आणि मायक्रोबलून साधारण सारखे घेतले की स्लरी होते, ती वाहते. मायक्रो राळेच्या दुप्पट ते चौपट घातला की ओला मायक्रो. पाचपटीच्या आसपास गेलात की कोरडा मायक्रो. भांडं तिरकं धरलं तरी तो हलत नाही, काडीनं ओढलेलं टोक तसंच उभं राहतं. भरायचं ते या कोरड्यानं. आधी काच ८० नंबरनं हलकीशी निस्तेज करायची, फक्त चकाकी जाईल इतकीच. मग स्लरीचा किंवा नुसत्या राळेचा पातळ हात रबरी पट्टीनं विणीत दाबून बसवायचा. तो ओला असतानाच वर कोरडा मायक्रो. हा ओला हात चुकवला तर कोरडा मायक्रो विणीच्या खळग्यांत नीट उतरत नाही, खाली हवा राहते, आणि घासताना पापुद्रे निघतात.

एकदाच की थरांवर थर? माझं मत: एकदाच, आणि हवा त्यापेक्षा थोडा जास्त. एका दिवशी लावलेला एक सलग लेप सगळीकडे सारखाच कडक असतो. ठिगळं लावत गेलात की जुना मायक्रो कडक, नवा मऊ, आणि मध्ये राळेची रेघ. पेपर मऊ भाग आधी खातो आणि ठिगळाच्या कडेला खड्डा पडतो. मग तो भरायला आणखी एक ठिगळ. ही साखळी पहिल्या लेपातच तोडा.

फळीबद्दल रात्री लिहितो.

---

वजनकाटा

रंधाकाकांच्या 'थोडा जास्त' या शब्दांवर माझा आक्षेप नोंदवून ठेवा. :)

साधा हिशेब आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर लेप म्हणजे एक लिटर. नीट कोरडा कालवलेला मायक्रो लिटरला साधारण अर्धा किलो भरतो. लाँग-ईझीच्या मुख्य पंखाचं क्षेत्रफळ साडेसात चौरस मीटरच्या आसपास, म्हणजे वर-खाली मिळून पंधरा. घासून झाल्यावर सगळीकडे सरासरी एक मिलिमीटर जरी उरला, तरी साडेसात किलो. त्यात फ्युजलाज (विमानाचं धड), कनार्ड, विंगलेट (पंखाच्या टोकाचे उभे पंख) धरलेलेच नाहीत. आणि अस्तर (प्रायमर), रंग वेगळा.

कोरडा मायक्रो 'नीट' कालवणं इथे महत्त्वाचं. पसरायला सोपं जातं म्हणून लोक ओलसर ठेवतात. नुसती राळ लिटरला १.१ किलो आहे. जितकी राळ जास्त, तितकं वजन जास्त आणि घासणंही तितकंच अवघड. दोन्हीकडून तोटा.

काचकापड, एक करा. लेप लावण्याआधी पंख तोला आणि आकडा पंखावरच लिहा. पेन्सिलीनं, मार्करनं नको. मार्करची शाई अस्तर आणि रंग दोन्हींतून वर येते. घासून झाल्यावर पुन्हा तोला. कितीचा लेप उरला ते समोर दिसेल आणि दुसऱ्या पंखाला हात आपोआप आवरेल.

---

रंधा

आक्षेप मान्य, पण अर्धाच. जास्त लावलेला घासून निघतो, कमी पडलेला ठिगळ मागतो. उरतो किती हे घासणाऱ्यावर आहे.

आता फळी. तुमचा पंख कापला कसा होता ते आठवा. दोन्ही टोकांना टेम्पलेट (पंखाच्या छेदाच्या आकाराचे नमुने), त्यांवर आकडे, आणि दोघे जण तार ओढताना मोठ्यानं आकडे म्हणत होतात, की या टोकाला ३० आली तेव्हा त्या टोकालाही ३० यावी. म्हणजे मुळापासून टोकापर्यंत समान आकड्यांना जोडणारी प्रत्येक रेष सरळ आहे. पंखाच्या आकाराची खरी व्याख्या या सरळ रेषांतच आहे. कॉर्डच्या दिशेनं (पुढच्या कडेकडून मागच्या कडेकडे) मात्र सगळीकडे वक्र.

म्हणून फळी त्या समान आकड्यांच्या रेषांवर झोपवायची. दोन्ही टोकांची टेम्पलेट अजून असतील तर ती धरून पंखावर पेन्सिलीनं रेषा आखून घ्या. फळी ताठ हवी आणि लांब हवी. अ‍ॅल्युमिनियमची चौकोनी पोकळ नळी चालते, सरळ आहे का ते आधी तपासून. मी एक हातभर लांब आणि एक दीड-दोन मीटरची ठेवतो. लांबडीला दोन माणसं लागतात. आखूड फळी खड्ड्यात उतरते आणि त्याला छान गुळगुळीत करून सोडते, खड्डा तसाच. लांब फळीला खड्ड्यात उतरता येत नाही, ती दोन्ही कडांच्या उंचवट्यांवरच टेकते. सगळं गुपित एवढंच.

हात मात्र सरळ पुढे-मागे नको. फळीचं तोंड स्पॅनच्या दिशेनं आणि ओढ ४५ अंशांत तिरपी, एकदा या कर्णावर, एकदा त्या. एकाच दिशेनं घासलं की चर पडतात.

कॉर्डच्या दिशेनं ताठ फळी आडवी घातलीत तर वक्राचे सपाट तुकडे होतील. तिथे लवचिक पातळ पट्टी, आणि तीही शेवटी.

दाब देऊ नका. पेपर बोथट झाला की माणूस नकळत दाबतो, दाबलं की फळी वाकते, फोम दबतो, हात उचलला की फोम परत वर येतो आणि तिथे उंचवटा. पेपर बदला. या कामात पेपरची काटकसर करणारा माणूस खांद्याच्या दुखण्यानं त्याची किंमत मोजतो.

---

लांबीवाला

गाड्यांच्या रंगकामात आयुष्य गेलं, म्हणून विचारतो. हे मायक्रो वगैरे कशाला? पॉलिएस्टर लांबी वीस मिनिटांत घासायला तयार. गोल फिरणारी मशीन लावली की पंख दुपारी संपतो. हातानं घासणं ही हौस असेल तर वेगळी गोष्ट.

---

राळकर

लांबीवाला, तुमचा अनुभव पत्र्यावरचा आहे आणि पत्र्यासाठी बरोबर आहे. इथे तीन अडचणी आहेत.

वजन: साधी लांबी कोरड्या मायक्रोच्या तिप्पट-चौपट जड. हलकी म्हणून मिळते तीही दुपटीच्या वर.

चिकटणं: एपॉक्सीचे बहुतेक हार्डनर अमाइन असतात. पृष्ठभागावर न मुरलेला अमाइन शिल्लक असेल तर पॉलिएस्टरचं सुकणं तिथेच अडतं. वरून कडक, खाली चिकट. पूर्ण मुरलेल्या, नीट घासलेल्या एपॉक्सीवर ती धरते हे खरं, पण एपॉक्सीला एपॉक्सी जशी धरते तशी नाही.

लवचीकपणा: पंख उड्डाणात वाकतो. कातडीबरोबर वाकू न शकणारा जाड लेप आधी भेगाळतो.

आणि पॉलिएस्टर, अस्तर, थिनर यांच्यातली द्रावकं. पंखाच्या निळ्या फोमला, म्हणजे पॉलिस्टायरीनला, पेट्रोल, अ‍ॅसिटोन, स्टायरीन यातलं काहीही लागलं की तो विरघळतो. काचेत सुईएवढं भोक आरपार असलं तरी पुरे. वरून काही दिसत नाही, आत पोकळी होते. म्हणून अ‍ॅसिटोननं पंख पुसायची सवय असेल तर ती इथे सोडा.

काचकापड, तुमच्यासाठी एक सूचना. एपॉक्सी दमट हवेत मुरली की वर मेणचट, चिकटसर थर येतो, त्याला ब्लश म्हणतात. तो पाण्यात विरघळतो, द्रावकात नीट निघत नाही. आधी कोमट पाणी आणि खरखरीत स्पंजनं धुवा, कोरडं करा, मगच पेपर लावा. थेट घासलंत तर तो पृष्ठभागात रगडला जातो आणि वरचा लेप पुढे कधीतरी सुटतो. लेपाच्या आधी हे केलंच पाहिजे. उघड्या मायक्रोवर मात्र पाण्याचा मारा नको, घासल्यावर फुटलेले गोळे पाणी धरून ठेवतात.

---

लांबीवाला

द्रावकाचा मुद्दा माहीत नव्हता. पटला. मशीनचं मात्र अजून पटलेलं नाही.

---

ओळंबा

मशीनचं मी सांगतो, कारण तिथेच मूळ विषय येतो.

गोल फिरणारी मशीन चकाकी आणते, आकार आणत नाही. तिची गादी हाताएवढी असते, म्हणजे हाताएवढ्या लाटा तयार होतात. रंग होईपर्यंत त्या दिसत नाहीत. दिसतात तेव्हा हँगरच्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पंखावर नागमोडी पडतं. हवेला ते प्रतिबिंब नको असतं, पण लाट कळते.

पृष्ठभागालगतचा हवेचा थर पुढच्या भागात शांत, लॅमिनार असतो. लाट, पायरी, चिकटलेला किडा, पावसाचा थेंब, काहीही त्याला खवळायला पुरतं. खवळला की घर्षण वाढतं. काही एअरफॉइल (पंखाच्या छेदाचे आकार) त्यावर नुसते नाराज होतात, काही अंगावर येतात. याच घराण्यातलं उदाहरण घ्या. व्हेरीईझी आणि सुरुवातीच्या लाँग-ईझीच्या कनार्डला ग्लासगो विद्यापीठात तयार झालेला जीयू एअरफॉइल होता. कोरड्या हवेत उत्तम. पावसात शिरलं की थेंबांमुळे प्रवाह बिघडायचा, कनार्डची उचल कमी व्हायची आणि बऱ्याच विमानांचं नाक खाली जायला लागायचं. वैमानिकाला दांडी मागे ओढून धरावी लागायची. पुढे जॉन रॉन्झ यांनी त्या जागी ११४५एमएस हा एअरफॉइल दिला, तो ओल्या आणि मळलेल्या पृष्ठभागालाही बराच सहनशील आहे.

यातून काचकापडसाठी अर्थ असा: कष्ट सगळीकडे सारखे वाटू नका. सर्वात जास्त कनार्डवर आणि पंखाच्या पुढच्या एक तृतीयांश-एक चतुर्थांश भागावर, वरच्या बाजूला. लीडिंग एजला उलटं टेम्पलेट कापून, ठराविक अंतरावर, दोन्ही पंखांना तेच लावून बघा. डावा-उजवा सारखा असणं हे गुळगुळीत असण्यापेक्षा महत्त्वाचं. कनार्डवाल्या विमानात कनार्ड पंखाच्या आधी स्टॉल व्हायला (उचल गमवायला) हवा, त्यावर सगळी सुरक्षितता उभी आहे. घासता घासता त्याचा आकार बदलला तर ते गणित बदलतं. कनार्डवर 'नजरेला बरं दिसतं' हे चालणार नाही, टेम्पलेटच बोलेल.

मागच्या अर्ध्या भागात, फ्युजलाजच्या पोटावर, इंजिनजवळ... तिथे वीण भरली, जोड लपले, बस झालं.

---

रंधा

इथे मी थोडा अडतो. स्पारच्या मागचा खोलगटपणा साधारण त्याच भागात संपतो जिथे ओळंबा हात आखडता घ्या म्हणतात. तिथे खड्डा तसाच सोडला तर आयलरॉनच्या (पंखाच्या मागच्या कडेवरच्या हलत्या भागाच्या) पुढे पाठ पोकळ दिसते. मी तो भाग पूर्ण करतो.

---

ओळंबा

दिसण्यासाठी करत असाल तर जरूर करा. वजनकाटा बघतोय एवढं लक्षात ठेवा.

एक अपवाद मीच सांगतो: आयलरॉन आणि एलेव्हेटर (कनार्डमागचा हलता भाग) यांची ट्रेलिंग एज (मागची कड). तिथे मायक्रोनं जाडी वाढली किंवा कड गोल झाली तर नियंत्रणांचा भार हाताला वेगळा लागतो. आराखड्यातली जाडी तिथे पाळाच.

---

भिंगरी

मी साच्यातल्या तयार अर्ध्यांचं किट बांधतेय, त्यामुळे माझं घासकाम जोडांपुरतंच आहे. तरी दोन गोष्टी.

साच्यातून आलेल्या भागावर साचा सुटण्यासाठी लावलेलं मेण असतं. ते आधी मेण काढायच्या द्रावणानं, स्वच्छ फडकी पुन्हापुन्हा बदलत काढायचं. आधीच पेपर लावला तर मेण ओरखड्यांत भरतं आणि रंगात माशाच्या डोळ्यासारखे गोल फुगे-खड्डे पडतात.

दुसरं, जिथे दोन भाग एकमेकांच्या तुलनेत हलतात तिथे फिलरनं जोड बुजवू नका. पंख आणि फ्युजलाजची सांध, काउलिंगची (इंजिनावरच्या झाकणाची) कड. तिथे फट राखायची. काही दिवसांनी रेघ येणारच, आणि मग ती काचेतली भेग आहे की फिलरमधली, या काळजीनं झोप जाते.

---

पावशेर

हाच प्रश्न घेऊन आलो होतो. एक तयार विमान विकत घ्यायचा विचार आहे, पंखाच्या मुळाजवळ रंगात केसाएवढी रेघ आहे. विकणारा म्हणतो "फक्त लांबीची आहे".

---

भिंगरी

असेलही. पण त्याच्या शब्दावर नाही. त्याच्या परवानगीनं रेघेच्या दोन्ही बाजूंचा थोडा रंग आणि फिलर हातानं काढून काचेपर्यंत जा. मायक्रो पांढरा आणि अपारदर्शक, काच पारदर्शक आणि वीण दिसणारी, त्यामुळे कुठे पोचलात ते कळतं. रेघ मायक्रोबरोबर संपली आणि खालची काच एकसंध असली तर विकणारा खरा. काचेत पांढरी रेघ पुढे गेलेली दिसली, किंवा आजूबाजूला टकटक बद्द येत असेल, तर हे काम त्या डिझाइनची माहिती असलेल्या माणसाचं. विकणारा काढूच देत नसेल तर उत्तर तिथेच मिळालं.

---

काचकापड

जबरदस्त माहिती. दोन शंका.

१. लेप लावल्यावर घासायला कधी घ्यायचा? कोणी दुसऱ्या दिवशी म्हणतं, कोणी आठवड्यानं.

२. पिनहोल! कनार्डच्या छोट्या नमुना तुकड्यावर करून पाहिलं. आकार छान आला, पण अस्तराचा पहिला हात मारला आणि पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकंच भोकं दिसायला लागली. आधी कुठे होती ही?

---

रंधा

पहिल्याचं उत्तर: साधारण पंचविशी तापमानाला दुसऱ्या दिवशी मायक्रो घासायला सर्वात चांगला असतो. पेपर भरत नाही आणि दगडही झालेला नसतो. आठवडा गेला की तेच काम दुप्पट मेहनत मागतं. मोठा तुकडा घासायला माणसं मिळणार असतील त्याच्या आदल्या दिवशीच लेप लावा.

---

राळकर

घाई कुणी करणार असेल त्याच्यासाठी: नखानं खूण उमटत असेल, पेपरला गोळ्या चिकटत असतील तर थांबा. अर्धवट मुरलेल्या एपॉक्सीची धूळ सर्वात वाईट. ती अंगाला लागत राहिली की ॲलर्जी बसते, आणि एकदा बसली की आयुष्यभर एपॉक्सीच्या खोलीत पाऊल टाकता येत नाही. बांधकाम अर्धवट विकून टाकणारे लोक असतात ते याच कारणानं. नायट्राइल हातमोजे, पूर्ण बाह्या, चेहऱ्याला घट्ट बसणारा फिल्टरचा मास्क. साधा कापडी रुमाल धुळीसमोर काही कामाचा नाही. हातावरची राळ साबण-पाण्यानं काढा, थिनरनं नको, थिनर ती कातडीत मुरवतो.

पिनहोलचं: ती आधीपासून होतीच. मायक्रो कालवताना हवा शिरते, घासताना ते बुडबुडे उघडे पडतात आणि पांढऱ्या धुळीनं बुजलेले राहतात. अस्तर धूळ ओली करतं आणि भोक दिसतं. म्हणून अस्तराआधी ब्रशच्या तोंडाच्या व्हॅक्यूमनं धूळ काढा. कॉम्प्रेसरनं फुंकणार असाल तर हवेत तेल येत नाही ना ते बघा.

आणखी एक कारण तापमान. सकाळी हवा तापत असताना लेप लावला तर फोममधली आणि मायक्रोतली हवा प्रसरण पावून बाहेर येते, ओल्या लेपातून बुडबुडे काढत. दुपार उलटल्यावर, तापमान उतरणीला लागल्यावर लावा. आकुंचन पावणारी हवा राळ उलट आत ओढून घेते.

---

ओळंबा

भरायला दोन रस्ते आहेत. एक, पाण्यावर आधारलेलं जाड एपॉक्सी अस्तर रोलरनं, पहिला हात रबरी पट्टीनं भोकांत दाबून, मग दोन-तीन हात. दुसरा, नुसत्या एपॉक्सीचे अतिपातळ हात रबरी पट्टीनं ओढायचे, आधीचा चिकट असतानाच पुढचा. कोरी बर्ड यांच्या सिमेट्री या विमानामुळे ही पद्धत लोकांना माहीत झाली. सगळे हात एकाच दिवशी एकावर एक चढतात, मध्ये घासावं लागत नाही, रासायनिक पकड मिळते आणि मायक्रोचं तोंड बंद होतं. मग एकदाच घासायचं.

मला दुसरी आवडते. फवाऱ्यानं मारलेलं अस्तर भोकावर पूल बांधतं, आत जात नाही, आणि रंगाच्या दिवशी पूल फुटतो.

---

वजनकाटा

दुसरीला +१, पण पट्टी खरवडून ओढायची. ब्रशनं फासायची नाही. पृष्ठभाग ओला दिसला पाहिजे, जाड नाही.

---

लांबीवाला

शेवटी माझ्या कामाचं काही आलं! गाईड कोट विसरू नका. अस्तरावर काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा किंवा कोरडी काळी पूड फिरवायची, मग १८०-२२० नंबर लांब फळीवर. जिथे काळं राहिलं तो खड्डा, जिथे लगेच गेलं तो उंचवटा. डोळे आणि हात दोघेही फसतात, काळी पूड फसत नाही. शिवाय रात्री दिवा पंखाच्या टोकाशी, पृष्ठभागाच्या पातळीत ठेवून बघा. दिवसाच्या उजेडात न दिसलेलं सगळं दिसेल. बघून झोप उडाली तर मला दोष देऊ नका.

---

राळकर

रंगाआधी एक टप्पा बाकी आहे. खोलीच्या तापमानाला मुरलेली एपॉक्सी पहिल्यांदा कडक उन्हात तापली की पुन्हा थोडी मऊ होते, आणखी मुरते, आकसते. मग चकचकीत रंगाखालून कापडाची वीण वर उमटते. उपाय: शेवटच्या घासण्याआधी पंख त्याच्या आधारांवर नीट टेकवून तंबूत सावकाश तापवायचा, राळेच्या उत्पादकानं सांगितलेल्या तापमानापर्यंत. आधार चुकीचे असतील तर पंख त्या पिळातच कायमचा मुरेल. आणि निळ्या फोमची सहनशक्ती ७० अंश सेल्सिअसच्या थोडं पुढे संपते, तिथे जवळपासही जाऊ नका.

वरून रंग पांढरा. गडद रंग उन्हात इतका तापतो की खोलीत मुरलेल्या राळेची ताकद घसरते. काही हलके फिलर गडद रंगाखाली वापरू नका असं त्यांच्या डब्यावरच लिहिलेलं असतं. पट्टे हवेत तर अरुंद.

---

भिंगरी

काचेखाली तांब्याच्या पट्टीचा अँटेना पुरला असेल तर त्यावर धातूची चमक असलेला रंगही नको. रेडिओ बहिरा होतो.

---

काचकापड

आज कनार्ड आणि एलेव्हेटर दोन्ही एकदमच घासायला घेणार होतो. काही वेगळं?

---

वजनकाटा

एलेव्हेटर बाजूला ठेवा आणि हे वाचा.

एलेव्हेटर आणि आयलरॉन बिजागरीच्या पुढे वजन लावून तोललेले असतात, कारण तोल बिघडला तर ठराविक वेगाला फ्लटर (अनावर फडफड) सुरू होतो, आणि तो सुरू झाल्यावर विचार करायला वेळ मिळत नाही. मायक्रो, अस्तर, रंग हे जवळजवळ सगळं बिजागरीच्या मागे बसतं. तिथे वाढलेला प्रत्येक ग्रॅम पुढे कित्येक ग्रॅम शिसं मागतो, कारण पुढचा हात आखूड आहे.

म्हणून एलेव्हेटरवर फक्त वीण भरा, तीही पट्टीनं खरवडून. रंग दोन पातळ हात. आणि तोल रंग पूर्ण सुकल्यावर पुन्हा तपासायचा, आराखड्यात दिलेल्या पद्धतीनं आणि दिलेल्या मर्यादेत. रंगाआधी जुळला होता हे उत्तर नाही.

---

काचकापड

आणि रंगानंतर मर्यादेबाहेर गेला तर? पुढे शिसं वाढवायचं?

---

रंधा

आराखड्यात जेवढ्याची मुभा असेल तेवढंच. त्यापुढे गेलं तर रंग आणि मायक्रो उतरवायचा आणि पातळ करून पुन्हा लावायचा. शिसं वाढवत गेलात तर त्याचा आधारही आराखड्याबाहेरचा भार घेतो.

आणि सगळं रंगून झाल्यावर पूर्ण विमान नव्यानं तोलून गुरुत्वमध्य काढा. तुमचे पंख मागे आहेत, म्हणजे भरलेला मायक्रोही बहुतेक मागेच गेलाय. घासण्याआधीचा वजनाचा कागद त्या दिवशी फाडून टाका.

एलेव्हेटरला ८० च्या खाली पेपर लावू नका. बाकी कनार्डची टेम्पलेट कापून झाली की फोटो टाका, ओळंबा आणि मी पुन्हा भांडतो.